‘क्रीपेज डिस्टन्स’ म्हणजे गळती अंतर?

प्रश्न : विजेच्या उपकेंद्राच्या साहित्याचे तपशीलपत्रक मराठीत आणताना ‘क्रीपेज डिस्टन्स’ला ‘गळती अंतर’ लिहिलेले दिसते. बरोबर आहे का? आणि २२० केव्हीचा (किलोव्होल्टचा) चिनी मातीचा इन्सुलेटर, म्हणजे जिवंत तार जमिनीपासून अलग धरणारा खांब, माणसाहून उंच असतो, ती उंची म्हणजेच हे अंतर का?

उत्तर : नाही. ‘गळती’ म्हटले की आपल्याला वीजगळती आठवते, म्हणजे चोरी आणि वितरणातली तूट. इथे अंतर मोजायचे आहे. वरच्या धातूच्या टोपीला दोरा लावा. इन्सुलेटरच्या दांड्याभोवती छत्रीसारख्या चकत्या (‘शेड’) असतात; त्या छत्रीच्या पाठीवरून, तिच्या पोटाखालून, मधल्या दांड्यावरून, पुन्हा पुढच्या छत्रीवर, असा पृष्ठभागाला चिकटवत खालच्या टोपीपर्यंत आणा. त्या दोऱ्याची लांबी म्हणजे क्रीपेज. तोच दोरा छत्र्यांच्या कडांना टेकवून ताठ धरला की मिळते ते हवेतले अंतर. उंची मुख्यतः या दुसऱ्यावर ठरते.

त्यात भर : आकड्यांत सांगायचे तर २२० केव्हीच्या प्रणालीचा कमाल विद्युतदाब (व्होल्टेज) २४५ केव्ही. आकाशातल्या विजेच्या आघाताची कसोटी बहुधा १०५० केव्हीची. अशा आघाताला हवा मीटरमागे साधारण ५०० केव्ही तोलते, म्हणजे २.१ मीटर मोकळी हवा हवीच. टोप्या धरून खांब २३०० मिमीचा होतो. क्रीपेजचा हिशेब वेगळा. जास्त प्रदूषणाला केव्हीमागे २५ मिमी, म्हणजे २४५ × २५ = ६१२५ मिमी. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर ३१ धरले तर ७५९५. सहा-सात मीटरची वाट दोन मीटरांत घडी घालून बसवायची, म्हणून छत्र्या.

एक सावधगिरी. हे २५ आणि ३१ दोन फेजमधल्या, म्हणजे दोन जिवंत तारांमधल्या, दाबावर आहेत. आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीपासून फेज ते जमीन असा दाब धरतात, तिथे तेच आकडे ४३.३ आणि ५३.७ होतात. ४३.३ ला २४५ ने, म्हणजे दोन फेजमधल्या दाबाने, गुणलेत तर साडेदहा मीटरची मागणी जाईल आणि पुरवठादार चक्रावेल.

शंका : मग छत्र्याच दाटीने बसवून खांब बुटका का करत नाहीत?

उत्तर : पागोळ्यांमुळे. (हवेतले २.१ मीटर तर कमी करताच येत नाहीत, ते वेगळेच.) वरच्या छत्रीच्या वळचणीची धार खालच्या छत्रीला भिडली, की मधली सगळी वाट वाया; ठिणगी कडेवरून कडेवर उडी मारते. म्हणून छत्र्यांत निदान ३० मिमी फट ठेवतात, मोठी-लहान अशा आलटून पालटून बसवतात, आणि क्रीपेज हवेतल्या अंतराच्या साडेतीन-चार पटीपलीकडे नेत नाहीत. ‘शेड’ला ‘छत्री’ चालतेच, पण तिच्या खालच्या कडेला ‘वळचण’ हा आपला घरचा शब्द चपखल बसतो.

आणखी : बिघाड मुसळधार पावसात कमी, पहाटेच्या दवात किंवा धुक्यात जास्त. कोरडी धूळ, मीठ निरुपद्रवी; दव पडले की त्याचा वाहक थर होतो. दांडा बारीक, तिथे प्रवाह दाटतो आणि थर आधी सुकतो. त्या कोरड्या पट्ट्यावर जवळजवळ सगळा दाब येतो, चुरचुर सुरू होते, ठिणग्या लांबत जाऊन टोपी ते टोपी जुळतात. यालाच लाइनवरची मंडळी ‘इन्सुलेटर फ्लॅश झाला’ म्हणतात. मोठा पाऊस हा थर धुऊन नेतो. नुसती भुरभुर मात्र घातक. उपाय म्हणजे वेळच्या वेळी धुणे, किंवा पाणी थेंबांत तुटून राहील असा सिलिकॉनचा लेप.

शब्दाबद्दल : ‘सरपट अंतर’ सुचवणारे आहेत. सरपटण्याची कल्पना मूळ शब्दाशी जुळते, पण ‘सरपट’ म्हटले की सपाट असेही वाटते, आणि हा पृष्ठभाग सपाटीच्या नेमका उलट. ‘पृष्ठमार्ग’ बरा. तक्त्यात जोडीने लिहावे: ‘पृष्ठमार्ग (क्रीपेज) ६१२५ मिमी, हवेतले अंतर २१०० मिमी’. आणि इन्सुलेटरला ‘दुर्वाहक’ नको. दुर्वाहक ही चिनी माती; इन्सुलेटर हा तिचा घडवलेला, टोप्या बसवलेला भाग.