सल्ला हवा: वाळवंटातल्या आटलेल्या तळ्यांचे सूक्ष्म जीवाश्म, भाचीच्या प्रकल्पासाठी

फोंड्याचा मामा:
भाची एमएस्सीला, भूशास्त्र. थरच्या वाळवंटातल्या लुणकरणसरसारख्या आटलेल्या तळ्यांच्या गाळातून ऑस्ट्राकोड वेचून तिथलं जुनं पाऊसपाणी काढायचं म्हणते. (ऑस्ट्राकोड म्हणजे कोळंबीचा लांबचा भाऊबंद, तिळाएवढा, अंगावर दोन शिंपल्या.) सरावाला करमळीच्या तळ्यातला गाळ आणून दोन रविवार आमच्या मोरीत चाळला. बायकोची पुरणाची चाळण कामातून गेली, शिंपली एक नाही. काय चुकलं?

जांभा:
बहुधा काहीच नाही. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात चुन्याचं कवच विरघळून जातं. तिकडच्या खाऱ्या तळ्यांत पाणी अल्कधर्मी, तिथे टिकण्याची शक्यता जास्त. करमळीत डायटम (सूक्ष्म एकपेशी शेवाळ) शोधा, त्यांचं कवच सिलिकाचं. मात्र फार अल्कधर्मी पाण्यात डायटमच विरतात, त्यामुळे वाळवंटात एकावरच भिस्त नको.

दोना पावलकर:
वेचायचा हात इथेच बसेल. समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमिनिफेरावर (समुद्रातले कवचवाले एकपेशी जीव) काम चालतं, कुणी दाखवायला तयार होतंय का विचारा. पद्धत तीच: गाळ भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून बारीक धारेखाली धुवायचा, वाळवायचा, मग काळ्या ट्रेवर ओल्या ट्रिपल झिरो (अगदी बारीक) ब्रशने एकेक दाणा उचलायचा. बोटाने चोळलंत तर पिल्लांच्या शिंपल्या फुटल्याच समजा.

जांभा:
आणि पिल्लंच तर हवीत! ऑस्ट्राकोड मोठा होईतो आठ वेळा कात टाकतो. लहानमोठी सगळी मापं एकत्र मिळाली तर तो तिथेच जगला. एकाच मापाचे दाणे असतील तर पाण्याने वाहून आणल्याचा संशय घ्यायचा.

कोरडा ओढा:
नुसती मोजदाद करून थांबू नका. पाणी आटताना हलका ऑक्सिजन आधी उडतो, जड मागे राहतो, तेच प्रमाण शिंपलीत उतरतं; जड जास्त सापडला तर तळं आटत होतं समजायचं. सायप्रिडाइस टोरोसा जातीचा ऑस्ट्राकोड मिळाला तर त्याच्या कवचावर गाठी आहेत का बघा, कमी खारट पाण्यात येतात. पण शिंपलीचं कार्बन वय जपून. चुनखडीतला जुना कार्बन पाण्यात आला की शिंपली आहे त्याहून म्हातारी दिसते. लुणकरणसरवरचा १९९९ चा अभ्यास वाचायला लावा: ते तळं हडप्पाची शहरं भरभराटीला येण्याआधीच आटलं होतं.

फोंड्याचा मामा:
आभार मंडळी. ६३ ची चाळणी मडगावात मिळेल?

दोना पावलकर:
प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. आणि मोरीत नको, बादलीत धुवा. तो गाळ पायपात बसला की प्लंबरच बोलवावा लागतो.