मदत हवी आहे: डॉजची केबिन बोलेरो पिकअपच्या चासीवर बसत नाहीये

गिरगावचा_पाना
मंडळी जरा लवकर सांगा, चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) रविवार संध्याकाळपर्यंतच आहे आपल्याकडे. आजोबांच्या डॉज पिकअपची केबिन बोलेरो पिकअपच्या चासीवर (खालच्या लोखंडी फ्रेमवर) चढवतोय, केबिनचा खालचा पत्रा नवीन मारून झालाय. मागचे दोन होल बरोबर जुळवले, आता पुढे बघतो तर चाक मडगार्डच्या गोलाच्या पुढे जातंय, बोनेट लागत नाही आणि स्टेअरिंगचा दांडा तिरका येतोय. मिस्त्री म्हणतो फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) सरळ कापू. कापू का नको तेवढं सांगा.

कुर्ला_पश्चिम
डॉज कुठल्या सालची? मागच्या कोपऱ्यांत काचा आहेत का? आणि बोलेरोचं इंजिन पंपवालं का सीआरडीआय (ईसीयू, म्हणजे कॉम्प्युटरवालं)? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार दादा.

गिरगावचा_पाना
५१ ची, हो कोपऱ्यात काचा आहेत. इंजिन डीआय, साधा पंप, ईसीयू नाही. प्रश्न फक्त केबिनचा आहे.

नलिनी_ठाणे
आमच्याकडे वडिलांची फियाट होती, तिला आम्ही मूळ फिका हिरवा रंगच दिला. केबिनला मेटॅलिक मारू नका हां, जुन्या गाडीला प्लेन रंगच शोभतो.

पाटे_आणि_बुश
होल जुळवून केबिन बसवायची नसते हो. दोन वेगळ्या गाड्यांचे होल जुळले तर तो निव्वळ योगायोग. आधी पुढच्या एक्सलचा सेंटर धरा, ओळंबा सोडा आणि मडगार्डच्या गोलाचा मध्य त्याच्यावर आणा, मग केबिन जिथे येईल तिथे नवीन ब्रॅकेट बनवा, रबर बुश टाकून. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) किती येतोय दोन्हीचा?

गिरगावचा_पाना
डॉजचा १०८ इंच, बोलेरोचा टेप लावून ११८ च्या आसपास. चासी १० इंच कमी करायची का मग?

पाटे_आणि_बुश
अजिबात नाही!! चासीला कटर लावू नका. ते १० इंच मागे जातात, हौद्याकडे. जुना हौदा चढवला तर मागचं चाक त्याच्या गोलात येणार नाही, म्हणून लाकडी फळ्यांचा सपाट हौदा नवीन बनवून घ्या, जुन्या गाड्यांना तो दिसतोही छान.

डिझेल_अंधेरी
माझं ऐका, एवढा खटाटोप कशाला, डॉजचीच चासी ठेवायची आणि तिच्यात फक्त इंजिन गिअरबॉक्स नवीन टाकायचं. मी जीपला तसंच केलंय, ९ वर्षं चालतेय.

पाटे_आणि_बुश
जीपचं वेगळं. त्यांची फ्रेम सडलीय म्हणून तर नवीन चासी घेतली ना, आणि ब्रेक पण नव्या चासीबरोबर आयते येतात.

डिझेल_अंधेरी
फ्रेम सडलीय असं त्यांनी कुठे लिहिलंय? तुम्हीच ठरवताय.

गिरगावचा_पाना
मागच्या शॅकलपाशी (पाटा फ्रेमला जोडणाऱ्या कडीपाशी) सडलीय, पुढे ठीक आहे. भांडू नका, रविवार येतोय.

कुर्ला_पश्चिम
आरसी कोणाची राहणार? बोलेरो पिवळ्या नंबरप्लेटची आहे ना?

गिरगावचा_पाना
पिवळीच. कागदाचं नंतर बघू, आधी गाडी उभी राहू दे.

कुर्ला_पश्चिम
नंतर नाही दादा, आत्ताच. गाडीची ओळख चासी नंबरवर असते, केबिनवर नाही, म्हणजे रस्त्यावर ती बोलेरोच ठरणार आणि तिला केबिन भलतीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. उलट डॉज ५० वर्षांच्या वरची आहे, २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजमध्ये नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पण त्याला चासी, बॉडी, इंजिन मूळचंच लागतं. जुनी फ्रेम कुठे आहे आत्ता?

गिरगावचा_पाना
गाळ्याबाहेर. सोमवारी भंगारवाला नेणार आहे, बोलणं झालंय.

कुर्ला_पश्चिम
अहो थांबवा त्याला! फोन करा आत्ताच्या आत्ता. ती फ्रेम गेली की आजोबांची डॉज कागदावरून कायमची संपली. माझे वडील प्रीमियर ऑटोमोबाईल्सला होते, एलबीएस रोडच्या कारखान्यात, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली आणि कुर्ल्याला डॉज, फार्गोचे ट्रक जोडले, ते ट्रक किती राहिलेत आता? मागचं शॅकल नवीन बसवता येतं, चासी नंबरवाली फ्रेम पुन्हा कुठून आणणार?

सहा_व्होल्ट
वायरिंगचं कोणी बोललं नाही. डॉज ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) असते, बोलेरो १२ व्होल्ट निगेटिव्ह. जुने मीटर, बल्ब डायरेक्ट लावू नका. आणि केबिन रबरावर बसली की तिला चासीतून अर्थ मिळत नाही, वेगळी पट्टी लावा.

गिरगावचा_पाना
भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं, चिडला तो पण ठीक आहे. ओळंबा सोडून केबिन साडेचार इंच पुढे घेतली, चाक गोलात आलं. खाली लाकडाचे ठोकळे देऊन केबिन उचलली तर बोनेटही लागतंय. पण आता इंजिनचा मागचा भाग आणि फायरवॉल यांत जेमतेम अर्धा इंच उरलाय. म्हणजे शेवटी कापायचीच ना?

पाटे_आणि_बुश
अर्धा इंच कमी आहे, डिझेल इंजिन माउंटिंगवर हलतं, निदान १ इंच तरी पाहिजे. सगळी कापू नका, इंजिन समोर येतं तेवढाच चौकोन कापून आत खोका करून घ्या. कापायच्या आधी दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत आडवे पाईप वेल्ड करा, नाहीतर केबिन पसरेल आणि दरवाजे पुन्हा कधीच लागणार नाहीत. स्टेअरिंगला मध्ये युनिव्हर्सल जॉइंट (तिरका फिरणारा सांधा) लागेल.

डिझेल_अंधेरी
किंवा फ्रेम वाचलीच आहे तर डॉजच्याच चासीवर परत या. परत सांगतोय.

गिरगावचा_पाना
आज बाबांना गाळ्यावर नेलं होतं. त्यांनी फ्रेमवरचा चासी नंबर पॉलिश पेपरने घासून काढला, पूर्ण वाचता येतोय, जुन्या आरसी बुकातल्या नंबरशी जुळतो. त्यामुळे फायरवॉलला हात लावला नाही, चेन ब्लॉकने केबिन परत खाली उतरवली. मागच्या शॅकलचं काम नीट करणारा कोणी आहे का, फ्रेम न वाकवता? गाळा वसईला आहे, उचलून जवळपास नेऊ शकतो.

नलिनी_ठाणे
रंग कुठला होता हो मूळचा?

गिरगावचा_पाना
डॅशबोर्डच्या मागे निळा सापडलाय, गडद. शॅकलचं सांगा कोणीतरी.