मदत हवी आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीवरची देवनागरी अक्षरं आणि न जुळणारा घोडा

मंडळी, हा धागा इथे काढतोय कारण इंग्रजी संस्थळांवर बंदुकीबद्दल सगळं सांगणारे भेटले, पण देवनागरी वाचणारा एकही भेटला नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. चारेक वर्षांपासून चकमकीच्या बंदुकांचा नाद लागलाय. मनात होती बेकर रायफल: १८०० मध्ये ब्रिटिश फौजेत आलेली, ३० इंची नळी, आत सात खाचा. गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात एक विक्रेता 'नेपाळची रायफल' म्हणून एक धूड घेऊन बसला होता. नळीत टॉर्च मारला तर गंज भरपूर, खाच एकही नाही. म्हणजे रायफल नाहीच, मस्केट. पण नळी ३९ इंची, भोक जवळपास पाऊण इंच, म्हणजे इंडिया पॅटर्नची ब्राउन बेस, इंग्रज फौजेची तेव्हाची नेहमीची मस्केट. घेतली. बेकर राहिली ती राहिलीच.

काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यातली ही असावी. १८१४–१६ च्या लढाईत गोरख्यांनी इंग्रजांकडून हिसकावलेली, असं विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. सगळेच सांगतात.

आता अडचण. घोड्याच्या बाजूच्या पोलादी पट्टीवर कंपनीचा बदामाच्या आकाराचा शिक्का आहे. बदामाचे चार भाग, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर चाराचा आकडा. १८०८ च्या सुमारास हा शिक्का जाऊन मुकुट धरलेला सिंह आला. पण गारगोटी (चकमकीचा दगड) धरणारा घोडा हंसाच्या मानेसारखा बाकदार नाही, मधे भोक असलेला जाड मानेचा आहे, आणि तसा घोडा इंग्रजांच्या फौजेत १८०९ पासून. मग पट्टी जुनी आणि घोडा नंतर बदललेला? की अलीकडे कुणी दोन बंदुकांची एक केली? घोड्याचा स्क्रू गंजून बसलाय, जोर लावायचा धीर होत नाही. स्क्रू न काढता हे ओळखायची काही खूण आहे का?

दुसरं, नळीवर कान्याच्या (दारू पेटवायच्या बारीक भोकाच्या) वरच्या अंगाला छिन्नीने ठोकलेली अक्षरं आहेत. पहिलं 'श्री' नक्की. पुढचं 'न' किंवा 'ल', नंतर आकडे. त्यातला एक मी आधी ६ वाचला, पण नेपाळीत ५, ८ आणि ९ आपल्यापेक्षा वेगळे काढतात, त्यामुळे आता कशाचीच खात्री नाही. पलटणीचं नाव आणि बंदुकीचा क्रमांक असेल का? नेपाळीची सवय असलेल्या कुणी फोटो पाहून सांगितलं तर फार बरं होईल. कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसाही घेतलाय, तो फोटोपेक्षा स्पष्ट आहे.

साफसफाईबद्दलही विचारायचंय. दस्त्याची पितळी पट्टी काळी पडलीय. व्हिडिओ कॉलवर आईने लगेच 'पितांबरी लाव' म्हणून सांगितलं. संग्राहक मंडळी मात्र ती काळपट झाक घालवू नका म्हणतात, आणि मलाही तेच पटतंय. प्रश्न लाकडाचा आहे. वंगणाचा डांबरासारखा थर चिकटलाय, तो पॉलिश न उडवता कसा काढावा?

कायद्याची काळजी नको. इथल्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची बंदूक पुराणवस्तू धरतात. भारतात आणायचा विचारही नाही.

भर, दोन दिवसांनी: 'नळी रिकामी आहे का ते आधी बघ' असं इथे ज्यांनी लिहिलं त्यांना साष्टांग. लाकडी दांडी आत सरकवली, तोंडाशी खूण केली आणि बाहेरून लावून पाहिली. काना यायच्या अडीच इंच आधीच अडत होती! दोनशे वर्षांची दारूसुद्धा कोरडी असली तर पेटते, म्हणून घरी हात लावला नाही. इथल्या ठासणीवाल्यांच्या क्लबातल्या एका आजोबांनी आधी कान्यातून तेल सोडून रात्रभर ठेवलं, मग गजाला स्क्रू लावून हळूहळू ओढलं. निघाला वंगणात घट्ट झालेला चिंध्यांचा बोळा. गोळी नाही, दारू नाही. थोडा हिरमोड झाला, खरं सांगतो.

चिंध्या डब्यात ठेवल्यात, एकीवर निळी किनार दिसतेय. अक्षरांचं आणि घोड्याचं मात्र अजून तसंच आहे. ठशाचे फोटो खाली देतोय.