नागपंचमीचा झोका आणि आपला आंबा

ए-२०१ ताई: नागपंचमी आली, पोरं आंब्याला झोका बांधायचं म्हणून मागे लागलीत. काकू, चालेल ना?

सी-४०४ काकू: बांधा की, अंगणातल्या झाडाला झोका हवाच! फक्त नायलॉनचा दोर थेट फांदीवर टाकू नका. झोका हलला की दोर घासतो आणि साल सोलून निघते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जातं, त्यामुळे ती साल फार मोलाची. खाली गोणपाटाच्या दोन-तीन घड्या घाला, वर ट्रकवाले सामान बांधायला वापरतात तसला रुंद पट्टा. फांदी मांडीएवढी जाड, जिवंत, तडा नसलेली बघा. सण झाला की सगळं सोडून ठेवा.

ए-२०१ ताई: गेटजवळचा गुलमोहर चालेल का? तिथे जागा जास्त आहे.

सी-४०४ काकू: नको गं. गुलमोहराची फांदी ठिसूळ, पावसाळ्यात तर अचानक मोडते. आंबाच बरा.

बी-१०३ दादा: त्यापेक्षा एकदाच मोठा हुक लावून टाकू. खिळ्याने झाड मरतं म्हणतात, ते खरं का?

सी-४०४ काकू: एका खिळ्याने मरत नाही. झाड जखमेभोवती नवी साल वाढवून ती झाकून टाकतं. पण खिळ्यांवर खिळे ठोकत गेलं की तेवढ्या जखमा, आणि तिथून बुरशी आत शिरते. खरा घात करते ती गोल आवळलेली तार. खोड दरवर्षी जाड होतं, तार मात्र तेवढीच राहते. मग ती सालीत रुतते आणि अन्नाची वाट चहूबाजूंनी बंद होते. कायमचा झोका हवा असेल तर जाड फांदीतून आरपार एकच बोल्ट घालणं हे वर्षभर घासणाऱ्या दोरापेक्षा बरं, पण ते जाणकाराकडूनच. चार दिवसांच्या सणासाठी फांदीला भोक नको.

सचिव: आणि गणपतीतल्या लाइटच्या माळा? गेल्या वर्षी डेकोरेशनवाल्याने खोडाला पिना मारल्या होत्या.

सी-४०४ काकू: यंदा त्याला आधीच सांगा. माळा सैल सोडायच्या, सुतळीने बांधायच्या, विसर्जनानंतर लगेच उतरवायच्या. रात्री आरती आटोपली की बंद, झाडावर पाखरं झोपतात. पावसात जोड उघडा राहता कामा नये, खाली पोरं खेळतात. आणि आपला 'पार्किंग' बोर्ड खोडावरून काढून खांबावर लावा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही झाड तोडण्यातच धरलंय. पुण्यात तर लोक झाडांचे खिळे काढायच्या मोहिमा करतात.

सचिव: बोर्ड उद्याच हलवतो.

बी-१०३ दादा: मागच्या बाजूला कपडे वाळत घालायची जुनी तार आहे, ती आत रुतलीय. पक्कड लावून ओढू का?

सी-४०४ काकू: ओढू नकोस रे बाबा, भोवतालची साल फाटेल. बाहेर दिसते तेवढीच काप, रुतलेली तशीच राहू दे. आणि दुसऱ्या टोकाला भिंतीत हुक लाव म्हणजे कपड्यांची सोय होईल.