कॅलिप्सो : पाणसुरुंग काढणारी नौका, फेरीबोट, संशोधननौका. तिचा शेवट नेमका कशामुळे झाला?

वाचक_पुणे :
फ्रेंच समुद्रसंशोधक आणि चित्रपटकार झाक-ईव्ह कूस्तो यांच्या ‘कॅलिप्सो’ या लाकडी मोटर-नौकेवर आमच्या वाचनमंडळासाठी एक टिपण लिहीत आहे. १९९६ साली सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून ती बुडाली आणि तिथेच तिचे आयुष्य संपले, असे बहुतेक ठिकाणी थोडक्यात सांगितलेले आढळते. पण ती पुढे आठवडाभरातच वर काढली गेली होती, असेही वाचले. मग ती पुन्हा समुद्रात का गेली नाही? शिवाय, कूस्तो यांच्याकडे येण्यापूर्वी ती कोणाची होती आणि काय काम करीत होती, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

भरती_ओहोटी :
तिचा जन्म सिएटलच्या बॅलर्ड भागातील गोदीत झाला आणि २१ मार्च १९४२ रोजी ती पाण्यात उतरली. अमेरिकेने ब्रिटिश आरमारासाठी बांधलेल्या पाणसुरुंग काढणाऱ्या नौकांपैकी ती एक होती. सांगाडा लाकडाचा ठेवण्यामागे कारण होते : पोलादी जहाजाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे समुद्रातले चुंबकीय सुरुंग फुटत, आणि ते निकामी करायला जाणारी नौका स्वतःच पोलादाची असणे धोक्याचे होते. १९४३ पासून तिने भूमध्य समुद्रात काम केले आणि युद्ध संपल्यावर ती माल्टात उभी राहिली.

दुसऱ्या मालकाने तिला माल्टा आणि गोझो या बेटांदरम्यान माणसे व मोटारी नेणारी फेरीबोट केले. ‘कॅलिप्सो’ हे नावही याच काळातले आहे, कारण होमरच्या काव्यातील त्या अप्सरेचे बेट म्हणजे गोझोच, असे तिथे परंपरेने मानले जाते. बहुतेक लेखांत हा टप्पा एका ओळीत उरकलेला असतो, याचे मला वाईट वाटते, कारण तिला नाव मिळाले ते या रोजच्या कष्टाच्या कामातून.

१९५० मध्ये लोएल गिनेस या धनिकाने ती विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने कूस्तो यांना दिली. म्हणजे कूस्तो हे तिचे कप्तान होते, पण खरेदी केलेले मालक नव्हते. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले.

फ्रान्समधील आँतिब येथे तिचे संशोधननौकेत रूपांतर झाले. नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, पुढे खाली उतरणारी एक अरुंद लोखंडी विहीर बसवली गेली. तिच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, जाड काचांच्या खिडक्या होत्या आणि नौका चालू असतानाच तिथे आडवे पडून मासे पाहता व चित्रित करता येत. या खर्चासाठी सिमोन कूस्तो यांनी स्वतःचे दागिने विकले होते. नौकेवर त्यांचा मुक्काम पतीपेक्षाही अधिक असे, तरी त्या चित्रपटांत क्वचितच दिसतात.

वाचक_पुणे :
मनापासून आभार. चित्रीकरणाखेरीज तिने दुसरे काही काम केले का?

भरती_ओहोटी :
पुष्कळ केले. १९५४ मध्ये पैसे उभे करण्यासाठी तिने अबू धाबीच्या किनाऱ्यालगत खनिज तेलाच्या शोधासाठी समुद्रतळाची पाहणी केली. फ्रान्सच्या मार्से बंदराजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजांच्या उत्खननात ती अनेक हंगाम राबली, १९७५ मध्ये ग्रीसजवळ ‘ब्रिटानिक’ या ‘टायटॅनिक’च्या भगिनी-जहाजाचे अवशेष तिच्यावरूनच सापडले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ॲमेझॉन नदीतही शिरली.

तांडेल_कोकण :
मूळ प्रश्नाबद्दल लिहितो. ८ जानेवारी १९९६ ला ती बुडाली आणि १६ जानेवारीला क्रेनने वर आली; एवढ्या अवधीत खाऱ्या पाण्याने लाकडाचे फारसे बिघडत नाही. लाकूड खरे सडते ते कोरड्यात उभे राहून पावसाचे गोडे पाणी झिरपत राहिले की. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांवर झाप घालतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी फळ्यांमधल्या फटींत पुन्हा कापूस ठासतात, ते याचसाठी. फळी सुकली की आक्रसते, फट उघडते, आणि एकदा फटीत पाणी मुरू लागले की खालची बरगडीही हातची जाते. खिळ्याभोवतीचे लाकूड प्रथम काळे पडते. ते सुरीच्या टोकाने टोचून पाहिले की आत मऊ लागते.

‘कॅलिप्सो’च्या वाट्याला नेमके हेच आले. १९९७ मध्ये कूस्तो वारले. १९९८ मध्ये ती फ्रान्समधील ला रोशेल बंदरात नेली गेली आणि मालकी कूस्तो यांच्या संस्थेची की गिनेस घराण्याची, यावर न्यायालयात वाद सुरू झाला. निकाल संस्थेच्या बाजूने लागेपर्यंत वर्षे गेली, आणि त्या काळात तिच्यावर हात फिरवण्याचा अधिकार कोणाचा हेच ठरलेले नव्हते. २००७ मध्ये ती दुरुस्तीसाठी फ्रान्समधल्याच काँकार्नोच्या गोदीत गेली, पण २००९ मध्ये देयकांच्या वादातून काम थांबले. २०१६ मध्ये तिला तुर्कस्तानात हलवले आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या गोदीत आगीने तिचे नुकसान केले.

म्हणून टिपणात ‘सिंगापूरला संपली’ असे लिहू नये, अशी माझी विनंती आहे. धडकेने पडलेले भोक नव्या फळ्यांनी भरता आले असते; त्यानंतरच्या वीस वर्षांच्या खोळंब्यात जे गेले, ते दुरुस्त करायचे तर जवळजवळ सारेच लाकूड बदलावे लागते.

वाचक_पुणे :
आपण दोघांनी फार मोलाची माहिती दिलीत. टिपणातील तो परिच्छेद बदलून फेरीबोटीच्या काळालाही स्वतंत्र जागा देतो.