मदत हवी आहे: सॅटचं इंग्रजी व्याकरण, मुलगी मराठी माध्यमातली

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. आमची गुळाची अडत आहे. व्याकरणाशी माझा संबंध दहावीलाच संपला, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित-विज्ञान तेवढं सेमी. तिला सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, द्यायचीय. परदेशाचं अजून नक्की नाही, पण आपल्याकडची काही खासगी विद्यापीठंही हे गुण धरतात. घरी ब्लूबुक या सॅटच्या अधिकृत ॲपवर सराव परीक्षा दिली: गणित 710, रीडिंग अँड रायटिंग 540.

नियम विचारला की घडाघडा सांगते. एकवचनी कर्ता, एकवचनी क्रियापद, सगळं पाठ. पेपरात मात्र तिथंच घसरते. मला कळावं म्हणून तिनं आमच्या धंद्यातलं वाक्य करून दाखवलं: ‘द प्राइस ऑफ द जॅगरी ब्लॉक्स डॅश राइझन.’ तिनं आधी ‘हॅव’ म्हटलं, मग स्वतःच जीभ चावली, ‘हॅज’ पाहिजे. का चुकलीस विचारलं तर म्हणते, "पप्पा, वाचताना बरोबर वाटलं ओ."

दुसरं म्हणजे पुण्याला गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक आणलं. त्यात लांबलचक उतारे, 35 मिनिटांत 44 प्रश्न, आणि शेवटी निबंध. ॲपवर यातलं काहीच दिसत नाही. खरं कुठलं धरायचं? इथल्या एका क्लासमध्ये चौकशी केली, त्यांनी आधी फी सांगितली आणि मग "तीन हजार शब्द पाठ करून घेतो" म्हणाले. मला काय ते पटेना. तीन महिने हातात आहेत, रोज तासभर मिळतो. काय करून घेऊ?

रंकाळावेस:
ॲपवरचं खरं. तुमचं पुस्तक कागदी परीक्षेच्या काळातलं आहे. निबंध 2021 मध्येच बंद झाला, आणि मार्च 2023 पासून अमेरिकेबाहेर परीक्षा संगणकावर घेतात. आता रीडिंग अँड रायटिंगचे दोन भाग असतात, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. छोटा परिच्छेद, त्यावर एकच प्रश्न. पहिल्या भागात कसं जमलं त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं. चूक उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पुस्तक रद्दीत घालू नका, त्यातले व्याकरणाचे धडे अजून चालतात. क्लासच्या आधी खान अकॅडमीची वेबसाइट बघा, फुकट आहे.

शिकवणारी ताई:
दादा, मुलीनं तुम्हाला दिलेल्या उत्तरातच सगळं आलं. "बरोबर वाटलं" म्हणजे ती कानावर विसंबते, आणि तिचा कान मराठी आहे. यात कमीपणा काही नाही. पण तो कान नेमका कुठं फसवतो ते तिला दाखवायला हवं.

तुमचंच वाक्य घ्या. आपण म्हणतो, ‘गुळाच्या रव्यांचा भाव वाढला.’ मराठीत ‘चा-ची-चे’वालं सगळं आधी येतं आणि मुख्य शब्द, भाव, क्रियापदाला चिकटून बसतो. त्यामुळे आपण शेजारचा शब्द बघून क्रियापद फिरवतो आणि चुकत नाही. इंग्रजीत ‘ऑफ’ मागून येतं. भाव राहतो लांब आणि क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतात रवे. पेपर काढणारे त्या दोघांच्या मध्ये मुद्दाम आणखी चार-पाच शब्द घालतात. तिला सांगा, क्रियापदाचा प्रश्न आला की ‘ऑफ’पासूनचा आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटानं झाकायचा, उरलेलं वाचायचं.

दुसरी खोड स्वल्पविरामाची. ‘पाऊस आला, बाजार उठला’ हे मराठीत झकास वाक्य आहे. इंग्रजीत दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की चूक. तिथं पूर्णविराम, अर्धविराम, नाहीतर स्वल्पविरामापुढं ‘अँड’, ‘बट’ असला शब्द हवा. अर्धविराम आपण फारसा वापरत नाही म्हणून मुलं बिचकतात. या परीक्षेपुरतं अर्धविराम म्हणजे पूर्णविरामच समजायचं: दोन्ही बाजूंना पुरं वाक्य आहे का, एवढंच तपासायचं. (लांबलचक यादीतला अर्धविराम वेगळा, तो क्वचित येतो.)

आणि ‘रंकाळ्याकाठून चालताना शालिनी पॅलेस छान दिसला.’ मराठीत कुणाला खटकणार नाही. हेच इंग्रजीत ‘वॉकिंग’नं सुरू करून स्वल्पविरामापुढं शालिनी पॅलेस ठेवला, तर पॅलेसच चालत निघाला असा अर्थ होतो. तिथं ‘आय’ पाहिजे.

एका जागी मात्र मराठी कामाला येते. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’सारखा जोडशब्द भरायचा असेल तर पर्याय झाकून ठेवायचे आणि आधी स्वतःशी म्हणायचं: इथं ‘पण’ की ‘म्हणून’ की ‘उदाहरणार्थ’? मग पर्याय उघडायचे.

तीन हजार शब्दांच्या नादाला लागू नका. रोज पंधरा प्रश्न पुरेत, पण चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि खाली ‘मला बरोबर का वाटलं’ हे मराठीत लिहायचं. महिनाभरात त्याच त्या चार-पाच चुका फिरून येताना दिसतील.

रंकाळावेस:
आणखी एक. प्रत्येक भागात शब्दार्थ आणि उतारे आधी येतात, व्याकरण मागनं. वेळ संपत आल्यावर व्याकरणाकडं यायचं आणि येणारे प्रश्नही घालवायचे, असं बऱ्याच जणांचं होतं. एका भागाच्या आत मागं-पुढं जाता येतं, तेव्हा व्याकरण आधी उरकून बघा.

धागाकर्ता:
ताई, लई उपकार झाले. काल वही घातली. बारा चुका उतरवल्या, त्यातल्या सात ‘ऑफ’च्याच निघाल्या. मागचे प्रश्न आधी सोडवायचंही तिला पटलंय, रविवारी तसा पेपर देणार आहे. पॅलेसवरनं मात्र भांडती. म्हणते, पॅलेस चालत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग गैरसमज होणार कुणाचा?

शिकवणारी ताई:
तिचं बरोबर आहे. तरी खूण ‘आय’वाल्या पर्यायावरच करायला सांगा.