माळ्यावरची पिवळी कॅसेट आणि लेकीचा प्रश्न

शेवंती
दिवाळीच्या साफसफाईला डोंबिवलीला आईकडे गेले होते. माळ्यावरून पितळेचे डबे काढता काढता मागून बुटांचं एक खोकं निघालं. त्यात आमचा टीव्ही गेम! राखाडी डबा, वायरींचा गुंता, दोनपैकी एकच रिमोट (दादा जॉयस्टिक म्हणायचा, मी रिमोटच) आणि पिवळी कॅसेट. वर मारिओचं चित्र, खाली ठळक आकड्यात ९९९९९९९-इन-१. पाठीमागे बॉलपेनने काहीतरी लिहिलंय, पण पार पुसट झालंय.

लेक सातवीत आहे. तिने आकडा मोजला. "नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम्स? एवढ्याशा डब्यात?" म्हटलं, अगं खरे दहा-बाराच, बाकी तेच ते, नावं बदलून. "म्हणजे फसवलं. आणि हे मारिओच्या कंपनीने काढलंय का?" नाही. "मग चोरीचंच की."

"तेव्हा असंच असायचं," असं म्हटलं खरं, पण माझं मलाच पटेना. बाबांनी दुकानातून रीतसर पावती घेऊन आणला होता हो! विक्रीकर लावलेली पक्की पावती. मूळ गेम म्हणून काही वेगळं असतं, तो जपानमधली एक कंपनी बनवते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आता दादा म्हणतोय, यातले गेम्स कॉम्प्युटरवर काढू आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकू. मी अडून बसलेय. तुमच्याकडे काय होतं? कुणाकडून घेतलंत, कुणाला दिलंत? तेव्हा टोचलं का, आता टोचतं का? लिहा मोकळेपणाने.

रात्रपाळी
ते सगळं नंतर. आधी सांगा, फुंकर मारली का?

शेवंती
मारली. तीन वेळा. हात आपोआपच तोंडाकडे गेला.

खारा_दाणा
फुंकर मारू नका हो! तोंडातला ओलावा लागून कॅसेटचे दात काळे पडतात. खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कानाच्या काडीने पुसा. आणि अ‍ॅडाप्टर कुठला आहे? त्यावर सेंटर प्लस की सेंटर मायनस (म्हणजे पिनेच्या मध्यभागी प्लस येतो की मायनस) ते बघितल्याशिवाय लावू नका. या लोकल डब्यांत काहीही असायचं.

अर्धा_कप
आम्ही लॅमिंग्टन रोडचे, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजाराचे, वारकरी. पण माझी आठवण सीडीची नाही, फ्लॉपीची आहे. रोड रॅश, मोटरसायकल शर्यतीचा गेम. १९९६ साली पीसीवर आलेला. त्याला सेटअपबिटअप काही नको, फोल्डर कॉपी केलं की झालं. मित्र कल्याणला, मी मुलुंडला. त्याने तुकडे करून बावीस फ्लॉप्यांवर भरून दिला. घरी येऊन एकेक फ्लॉपी घालतोय, तो आवाज, घर्र घर्र खट... आणि एकविसावी खराब. दुसऱ्या रविवारी ती एकच फ्लॉपी खिशात घालून परत कल्याण. तेव्हा वाटलं, हीच मेहनत म्हणजे किंमत.

खरी गंमत पुढे. दोन वर्षांपूर्वी म्हटलं, आता नोकरी आहे, पैसे आहेत, तर एकदाचे देऊन टाकू. सगळं पालथं घातलं. मला तर कुठे विकत मिळाला नाही. पैसे घेऊन दारात उभा आहे आणि दुकानच नाही.

रात्रपाळी
मुलुंड पूर्व की पश्चिम?

अर्धा_कप
पूर्व. स्टेशनजवळ. का?

रात्रपाळी
तुमच्याकडून कुणीतरी आमच्या वर्गात आणला असणार. एकविसावी आमच्याकडेही खराब होती.

तारवटी_पुतणो
मी मडगावचा. काका तारवटी, बोटीवर. त्यांनी अमेरिकेतून खरीखुरी कॅसेट आणली, पेटी, पुस्तिका सगळं. वाड्यावरची पंधरा पोरं जमली. आणि ती आमच्या डब्यात बसेचना! आपल्याकडचे डबे म्हणजे फॅमिकॉम नावाच्या जपानी टीव्ही गेमच्या नकला, त्यांना ६० पिनांची कॅसेट लागते. अमेरिकेतली ७२ पिनांची आणि रुंद. काकांचा चेहरा बघवेना. शेवटी आयेने ती ओरिजिनल शोकेसमध्ये ठेवली, अजून तिथेच आहे, काचेच्या बदकाशेजारी. आम्ही नकली खेळत राहिलो.

तेव्हा आमच्या घरी चोरी-बिरीचा प्रश्न असा होता: खरा माल बसत नाही, खोटा बसतो.

चकलीतुटली
हसून हसून मेले! "काचेच्या बदकाशेजारी".
(शेवंती, भाजणीत या वेळी चुकलंय काहीतरी, चकल्या तुटतायत. साफसफाई झाली असेल तर बोला.)

शेवंती
मोहन कमी पडलं असेल बघ. किंवा उकड नीट मळली नसेल.

काळा_कोट
कोर्टात पुकारा व्हायची वाट बघत बसलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गेम हा संगणक प्रोग्राम. कलम ५२ म्हणतं, स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रत काढली तर उल्लंघन नाही. बॅकअपलाही मुभा आहे. पण दादांचं घोडं दोन ठिकाणी अडतं. एक, पिवळी कॅसेट मुळातच कायदेशीर नाही. दोन, भावंडांचा ग्रुप म्हणजे "वैयक्तिक" नाही. किती भावंडं आहेत?

आता कलम ६३ब. १९९४च्या दुरुस्तीने आलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्याधंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. यातला कळीचा शब्द "माहीत असून". लहानपणी तुम्हाला माहीत नव्हतं, सुटलात. लेकीने सांगितल्यापासून माहीत आहे!

शेवंती
एकतीस भावंडं. नवऱ्याकडची धरून.

काळा_कोट
मग ती जाहीर सभाच झाली.

भाडेकरू
नाशिकला माझी सीडी लायब्ररी होती, २००२ ते २००६. दहा रुपये दिवस, शंभर अनामत. पाटीवर "गेम्स व सॉफ्टवेअर", आत सगळा कॉपीचा माल. काळा_कोट, ओरिजिनल ठेवल्या असत्या तर चाललं असतं का हो?

एकदा शेजारच्या गल्लीत धाड पडली असं कळलं. दोनशे सीड्या घरी नेऊन तांदळाच्या पिंपात पुरल्या. पुढचा महिनाभर वरण-भातात सीडीची कव्हरं निघत होती. बायको अजून नातेवाइकांना सांगते.

टोचलं का म्हणाल तर तेव्हा नाही. टोचलं एकदाच. एक पोरगा व्हाइस सिटीची सीडी परत द्यायला आला, मधोमध चरा. मी अनामत कापली. तो म्हणाला, "काका, ही सीडी तुम्हाला पंधरा रुपयाला पडली." बरोबर होतं त्याचं. मी टूथपेस्ट लावून घासली, चालली, परत भाड्याने दिली. अनामत मात्र दिली नाही.

काळा_कोट
ओरिजिनल असत्या तरी नाही. प्रोग्रामची प्रत धंदा म्हणून भाड्याने द्यायची तर हक्कदाराची परवानगी लागते. पुकारा झाला, आलोच.

दोन_लाईफ_शिल्लक
सगळे हसताय, मीही हसतोय, पण दुसऱ्या बाजूचं बोलतो. पुण्यात गेम्स बनवतो, आम्ही तिघं. पहिला गेम फोनवर काढला, किंमत वडापावाच्या दोन प्लेटांएवढी. विकत घेणाऱ्यांना मी जवळपास नावानिशी ओळखायचो, त्यात एक माझी मावशी. आठवड्यात तोच गेम फुकट फिरायला लागला. सर्वांत जास्त लागलं ते एका कौतुकाच्या मेलने. भरभरून स्तुती, आणि खाली "तिसरी पातळी अडकते, दुरुस्त करा". ती फक्त चोरीच्या प्रतीत अडकायची. मी दुरुस्त करून दिली. काय करणार, स्तुती खरी होती.

पण वाटणं नेहमीच बनवणाऱ्याच्या पोटावर येतं असंही नाही. १९९३ला डूम आला तेव्हा त्याचा पहिला भाग कॉपी करून वाटा असं बनवणारेच सांगत होते. पुढचे भाग विकत. तो पसरला वाटूनच. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया ज्याने बनवला त्या जॉर्डन मेकनरचा मूळ कोड हरवल्यात जमा होता. वडिलांना खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, २०१२मध्ये त्याने कोड काढून सगळ्यांना बघायला ठेवला. शेवंतीताई, तुमच्या माळ्यासारखंच. फरक एवढाच की ते त्याचं स्वतःचं होतं.

आमचं म्हणाल तर आज विक्रीला असलेला गेम वाटू नका. वीस वर्षांनी बंद पडला तर खुशाल वाटा, मी स्वतः देईन.

अर्धा_कप
+१. वडापावाच्या दोन प्लेटांचा गेम कुठला, विकत घेतो.

दोन_लाईफ_शिल्लक
तो आता स्टोअरवर नाही. नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत केला नाही म्हणून काढून टाकला. (हो, मला कळलं मी आत्ता काय लिहिलं ते.)

बर्फातली_मावशी
न्यू जर्सीत ग्रंथालयात काम करते. इथे हा वाद रोजचा. २०२३मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास केला: अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. म्हणजे अर्धा_कप यांची रिकामी फेरी अपवाद नाही, तोच नियम. ग्रंथालयांचं म्हणणं होतं, जुनी पुस्तकं देतो तसे हे गेम अभ्यासकांना घरबसल्या बघू द्या. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये कॉपीराइट ऑफिसने ते नाकारलं. संशोधकाने प्रवास करून इमारतीत यायचं आणि तिथे बसून बघायचं. अहो, आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी दोन राज्यं ओलांडून येते, गेम खेळायला.

आणि मारिओ १९८५चा. इथल्या हिशोबाने ९५ वर्षं हक्क. २०८१ उजाडलं की मोकळा.

शेवंती
तेव्हा लेक सत्तरीला टेकलेली असेल. रिमोट तिच्या नावावर करून ठेवते.

बर्फातली_मावशी
इकडे भाजणी मिळते पण जुनाट वास येतो. चकलीतुटली, जमल्या का?

चकलीतुटली
जमल्या! मोहनच कमी होतं. त्या तुटक्या मिसळीत घातल्या.

सायंतारा
आमच्याकडे बदकांचा गेम होता, बंदुकीचा. बाबांनी मागच्या वर्षी हौसेने काढला, नव्या एलईडी टीव्हीला जोडला. एक बदक पडेना. बाबा टीव्हीच्या पार काचेला बंदूक टेकवून बसले. त्यांना वाटलं, नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले होते! मग भावाने सांगितलं, ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. बाबांना एवढा आनंद झाला की गेम बंद पडल्याचं दुःखच नाही. विषय सोडून लिहिलं, माफ करा.

खारा_दाणा
शेवंतीताई, अ‍ॅडाप्टर?

शेवंती
सांगते, थांबा. आधी हे.

काल खोडरबराने दात घासले आणि सहज पाठही पुसली. टॉर्च तिरका धरल्यावर बॉलपेनचे खळगे दिसले. लेकीने वाचलं. "खोली नं. १४. परत कर."

म्हणजे बाबांनी पावती घेऊन आणली ती ही कॅसेट नाहीच. आईला विचारलं. ती जाळी पुसता पुसता म्हणाली, "अगं, चौदा नंबरातला तो मुलगा. दोन दिवस शोधत होते, त्याची आई विचारायला आली होती. तू म्हणालीस, माझ्याकडे नाही." आईला सगळं आठवतं. मला आता आठवायला लागलंय. मी ती गादीखाली ठेवली होती.

भाडेकरू
आयला.

रात्रपाळी
काळा_कोट, हे कलम कितवं?

काळा_कोट
हे कॉपीराइटच्या बाहेरचं. वय काय होतं?

शेवंती
नऊ.

काळा_कोट
सात ते बारा वयात समज होती का ते बघतात.

शेवंती
गादीखाली ठेवली होती म्हटलं ना. समज होती.

आईकडे त्यांचा बदलापूरचा नंबर आहे. लेक म्हणतेय, आत्ताच लाव. काय बोलू तेच सुचत नाहीये. तीस वर्षांनी फोन करायचा आणि म्हणायचं काय, मारिओ सापडला?

अर्धा_कप
तेच म्हणा. त्याला कळेल.

खारा_दाणा
देताना अ‍ॅडाप्टर लावून चालू आहे ना बघून द्या. आणि लावण्याआधी तेवढं सांगा, सेंटर प्लस की मायनस?